पाटीवर न लिहिलेलं

खालून तिसऱ्या बांधावर एकशे चार वेली आहेत.
मोजणं हेच माझं काम.
विद्यापीठानं दिलेल्या रंगीत फिती, एक वही,
पानाची कड बघायची, देठ, मागची लव,
आणि फांदीला नाव बांधायचं.
राबिगातूला पिवळी. गोवेयूला निळी.
कोदेगाला पांढरी, जी उन्हात दिसतच नाही.

दोरू नदीच्या वरचा हा डोंगर सगळा पाटीच्या दगडाचा.
पायाखाली कपच्या खुळखुळतात,
शंभर शाळांच्या पाट्या कुणी फोडून पसरल्यासारख्या.
एवढी पाटी,
आणि कुणी काही लिहून ठेवलं नाही.

दोना झुल्मिरा काठी टेकत मागून येते.
वय एक्क्याऐंशी, की ब्याऐंशी; तिथंही नोंदीचा घोळ.
माझ्या फितींना हसते.
"लग्नाची बकरी सजवतेस का गं?"
मग स्वतःच सांगत सुटते:
ही आळशी, सगळ्यांच्या शेवटी पिकते.
ही मावशीच्या कुंपणावरची.
ही दोन कोंबड्यांच्या बदल्यात आली, कोंबड्या म्हाताऱ्या होत्या.
वेल मेली की खड्डा उरतो,
फेब्रुवारीत ज्याच्याकडे जी काडी असेल ती आणायची, खोचायची.
जात कोण विचारतंय?

"आणि ही वाकडी?"

ही, बाल्ताझार फ्रान्सला गेला त्या हिवाळ्यातली.
रात्री, डोंगरातून, कागदाशिवाय.
मला लावता येत नव्हती, म्हणून वाकडी.
सात हंगामांनी परत आला,
तिच्याशी थांबला, म्हणाला,
बघ, मी लावलेली कशी धरलीय.
मी म्हटलं, हो.

तोड एकाच दिवशी, सप्टेंबरात.
पिकलेली, अतिपिकलेली, मनुका होऊ घातलेली,
आणि दात आंबवणारी हिरवीगार,
सगळी एकाच पंगतीला.
एकाच टोपलीत, एकाच दाबाखाली, एकाच जुन्या चेस्टनटच्या पिंपात.
"वेगवेगळी का नाही काढत?"
"काढली होती एकदा. पुतण्याच्या हट्टापायी.
एक नुसती गोड, तोंडाला तोंड न देणारी.
एक आंबट, बोलायला लागली की थांबेना.
तिसरीला वास होता, अंगात काही नव्हतं.
माझ्या नणंदा आठवल्या मला.
एकेकटी कुणीच सोसवत नाही,
चौघी चुलीपाशी बसल्या की घर."

पुतण्या एव्हारिस्तूला ट्रॅक्टर जाईल अशा सरळ ओळी हव्यात,
एकच जात, एकच रंग, सरकारी अनुदान.
तो वाईट नाही. त्याची पाठ दुखते.
माझ्या वहीत दुर्मिळ नावं पुरेशी भरली
तर बांध राहील, नाहीतर
जानेवारीत यंत्र येईल.
हे म्हातारीला माहीत आहे.
तरी एकाही वेलीचं नाव ती फुगवून सांगत नाही.

दुपारी स्वयंपाकघरात तिनं ती वाइन
कॉफीच्या कपात ओतली. कान तुटलेल्या.
फिकट, गवती, पहिल्या घोटाला जरा तुसडी,
मग नासपती, मग ओल्या पाटीवरून
बोट फिरवून चाटावं तसं काहीतरी.
मी कोणकोण ते ओळखू पाहत होते.
चौथ्या घोटाला सोडून दिलं.

त्रेसष्टावी वेल कुठल्याच पुस्तकात नाही.
पान पाच बोटांचं, मधलं बोट मुडपलेलं.
तासभर बसले तिच्यापाशी.
फोटो काढले, लव मोजली, प्रयोगशाळेसाठी
एक कोवळा शेंडा पिशवीत घातला.
मग वहीत लिहिलं.

"काय लिहिलंस?"
"अज्ञात."
"अज्ञात कशी?" ती खरोखर गोंधळली.
"ही काय, इथंच तर आहे."

मी तो शब्द खोडला.
संध्याकाळी परत लिहिला,
रकाना रिकामा चालत नाही म्हणून.
तोवर दरीतून वारा चढला होता.
पिवळ्या, निळ्या फिती फडफडत होत्या,
पांढऱ्यांपैकी दोन सुटून गेल्या.
कुठल्या वेलींच्या, ते आता सकाळी
पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल.