शेंडे खुडत राहा

नोबुए दवाखान्यात, गुडघ्यात लोखंड बसवून.
जाताना कात्री माझ्या हातात दिली:
शुंगिकुचे शेंडे खुडत राहा.
राहिलो नाही.

मे लागला आणि वाफा पिवळाधमक.
चाळीस वर्षं हा पाला खातोय,
ही शेवंती आहे
हे तिच्या कात्रीनं कधी कळूच दिलं नाही.

ओंजळभर फुलं घेऊन चिबाच्या बसची वाट बघत होतो.
शेजारच्या योनेदाबाई थबकल्या.
शेवंती? आजाऱ्याला?
ती थडग्यावर वाहतात, मोरियामासान.

परत फिरलो.
बुडख्याशी चार कोवळी पानं होती.
आधी देठ, मग पानं, वीस आकडे मोजले,
फोनवर ती दहाच म्हणाली होती बहुतेक.
गार पाण्यातून काढून मुठीत पिळली,
हिरवा ओघळ कोपरापर्यंत.
तीळ कुटले. सोया घातला. साखर विसरलो.

डबा उघडून ती नुसती हुंगत राहिली.
कडूजहर, म्हणाली,
आणि काड्यांनी तळाचा तीळही टिपला.

मग सहज:
किती फुलं आली?

दोन-तीन, म्हणालो.
खिशात एक पाकळी
बोटाला चिकटून सुटत नव्हती.