ओळ अकरा

पहिल्यांदा परत आलं तेव्हा साडेनऊ वाजले होते.
चौदा एप्रिल. पिओरियात अजून
गराजच्या सावलीला काळपट बर्फाचं एक ढेकूळ चिवटपणे टिकून.
पडद्यावर लाल चौकट:
मुख्य करदाता आणि जोडीदार, दोघांचंही
गतवर्षीचं उत्पन्न नोंदींशी जुळत नाही.

जोडीदार म्हणजे मी.
मुख्य म्हणजे श्रीरंग, कारण तेरा वर्षांपूर्वी
पहिला फॉर्म भरताना त्याचं नाव आधी लिहिलं
आणि पुढे ते बदलायचं कुणाला सुचलं नाही.

सगळं पुन्हा तपासलं, तांदूळ निवडावेत तसं.
स्पेलिंग. जन्मतारखा. सोशल सिक्युरिटीचे नऊ-नऊ आकडे.
बँकेचं अकरा डॉलर व्याज.
माझ्या शाळेचा डब्ल्यू-टू,
त्याच्या कारखान्याचा डब्ल्यू-टू,
आणि तिथे अडले, फेब्रुवारीत अडले होते तशीच.
पगार ऑगस्टपर्यंतचा.
मला कळलं ऑक्टोबर संपताना.
मधले दहा आठवडे हा माणूस
सकाळी सातला डबा घेऊन निघायचा
आणि नदीकाठच्या लायब्ररीच्या पार्किंगमध्ये
गाडीत बसून पोळीभाजी खायचा.

नोकरी गेल्याचा राग कुणाला येतो?
मला त्या पन्नास डब्यांचा आला.
रोज संध्याकाळी मी विचारायची, भाजी खारट नव्हती ना,
आणि तो म्हणायचा, नाही, सगळ्यांना आवडली.
सगळ्यांना.

नोव्हेंबरपासून तो तळघरात झोपतो.

तर, गेल्या वर्षीचं उत्पन्न शहाण्णव हजार चारशे अठरा.
मी भागिले दोन केलं होतं.
त्याच्या नावापुढे अठ्ठेचाळीस हजार दोनशे नऊ,
माझ्या नावापुढे तेवढेच. इतका सरळ हिशेब
या घरात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.
तो चालेना, तर म्हटलं, ज्याचं त्याला:
एकोणसाठ हजार एकशे सहा त्याचे,
सदतीस हजार तीनशे बारा माझे.
पाठवलं.
सव्वादहाला पुन्हा लाल.

घरातल्या घरात मेसेज केला: परत आलं.
खालून खुर्ची सरकल्याचा आवाज,
मग जिना, मग मोज्यांतली पावलं.
चष्मा कपाळावर चढवून तो वाकला, 
तळघराचा ओलसर वास घेऊन.
"हे निम्मं कुणी केलं?"
"मी. दोघांचं आहे म्हणून."
"अगं, ओळ अकरा. जशीच्या तशी.
तूही पूर्ण लिहायची, मीही पूर्ण."
"म्हणजे सरकारच्या लेखी आपण
एक लाख ब्याण्णव हजार आठशे छत्तीस?"
"नाही. तरी तेवढेच. शहाण्णव."
"असं कसं?"
"माहीत नाही. असंच आहे."

मी त्याच्या नावापुढे पूर्ण लिहिलं.
माझ्या नावापुढे पूर्ण लिहिताना
बोट जरा थबकलं, उगाच,
परक्याच्या वहीत लिहितोय असं वाटून.

आता सह्या. म्हणजे पाच आकड्यांचा पिन, ज्याचा त्याचा.
मी साताऱ्याचा पिनकोड घालते दरवर्षी;
तो सहा आकडी, इथे जागा पाचांना,
म्हणून शेवटचा एक गाळते.
श्रीरंगने टाइप केलं तेव्हा मी खिडकीकडे बघितलं.
शेजारच्या मिसेस लिंडक्विस्टच्या ओट्यावर
दिवा आपोआप लागला, कुणी नसताना,
आणि आपोआप विझला.

मग वाट बघणं.
त्याने चहा टाकला, आलं किसलं, बोट किसलं,
पाण्याखाली धरलं, काही बोलला नाही.
मीही प्लॅस्टर कुठे आहे ते सांगितलं फक्त.
"ते डबे," तो म्हणाला, नळ चालू ठेवून,
"एकही टाकला नाही मी."
"हं."

अकरा बावन्नला हिरवं आलं: स्वीकारलं.
दोनशे चौदा डॉलर परतावा, तीन आठवड्यांत.
त्याने तो शब्द मोठ्याने वाचला,
मग म्हणाला, खालचा दिवा चालू राहिलाय,
आणि तो बंद करायला गेला.

मी कागद गोळा करायला घेतले,
एकेक, गरजेपेक्षा सावकाश,
कान जिन्याकडे.