मध्यंतरानंतरचं आधी

हर्णैला, जाळी सुकवतात त्या मैदानात
हनीफ मुकादमनं दोन डोलकाठ्यांना पडदा बांधला
आणि पेनड्राइव्हमधला
दुसरा भाग लावला पहिला.
कुणाला कळलंच नाही.

सिनेमाच तसला.
चिपळूणच्या एका न्हाव्याची खुर्ची
उलटी फिरवली की चारशे वर्षं मागं जाते.
आम्ही बसलो तेव्हा तो आधीच दरबारात,
हातात वस्तरा, सुलतानाची अर्धीच मिशी शिल्लक,
आणि खिशातला मोबाइल
बायकोच्या नावानं थरथरतोय.
मिशी का गेली ते तासाभरानं कळलं.
तोवर हसून हसून धाकू पावसेची कवळी
वाळूत पडली.
"शेवट आधी दावलान मेल्यानं,"
बोळक्या तोंडानं तो म्हणाला,
"बरा झाला. आता मधी झोपलो तरी चालंल."

वारा आला की पडद्यावरचा
थर्माकोलचा किल्ला पोटातून हलायचा.
त्याच्या मागं, तिकीट न काढता,
सुवर्णदुर्ग उभा. काळोखात.
एकदाही हसला नाही.

परतताना वाटेवर ज्यानं त्यानं खुर्ची मागून घेतली.
धाकूला फक्त गेला मंगळवार हवा होता,
लिलावात घाईनं सुरमई सोडली तो.
शमीम पारकरला दहावीचा गणिताचा पेपर,
सोडवायला नव्हे,
मागच्या बाकावरच्या मुलाचं नाव विचारायला.
राजे, सुलतान कुणालाच नको होते.

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
आमचाही धंदा जवळपास तोच:
लादी फोडायची, चुरा माशाच्या अंगावर लोटायचा
आणि त्याला सांगायचं, अजून पहाटच आहे.
पुण्याला पोचेपर्यंत
तो बिचारा विश्वास ठेवतो.

मला विचारलं तेव्हा म्हटलं, बघू.
दापोलीच्या दवाखान्यात बाबा
गालावरून हात फिरवत म्हणाले होते,
दाढी फार वाढली गं.
मी म्हटलं, उद्या येतो न्हावी.
पिशवीत रेझर होता.
हे कुणाला सांगितलं नाही,
शमीम त्या मुलाच्या शर्टाचा रंग आठवत होती.

हनीफ पाठीमागून ओरडला,
पहिला भाग उद्या परत, पैसे नकोत!
ओहोटी लागलेली. होड्या कुशीवर कलंडलेल्या.
वळून पाहिलं तर
मैदानात एक बॅटरी हलत होती, खाली खाली, वाळूवर.
आमच्यातून खरोखर मागं गेला
तो धाकूच.
कवळीसाठी.