सतरावा प्रश्न

राजधानीहून छापून आलेत हे वीस प्रश्न.
प्रत्येकापुढे दोन चौकोन, हो आणि नाही,
आणि तळाशी मसुरीच्या दाण्याएवढी जागा
शेरा लिहायला.

देस्सीचं हे इस्पितळ, हाडांचा वॉर्ड,
रात्रपाळीला मी एकटी, खाटा अठ्ठावीस,
आणि खाटांखाली घोंगडी पांघरून झोपलेले नातलग,
ज्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

खाट अकरा. यिमाम सईद, एक्केचाळीस, ट्रक ड्रायव्हर.
जिबुतीच्या रस्त्यावर, मिल्लेच्या अलीकडे,
ट्रक उलटला. मांडीचं हाड दोन ठिकाणी.
पायाला दोरी, दोरी चाकावरून, दोरीच्या टोकाला दगड,
नदीतला, गुळगुळीत, साडेसात किलो.
सहा आठवडे तो दगड हवेत लोंबतोय
आणि सगळे त्याच्याशीच बोलतात.
डॉक्टर येतात, दगड बघतात, छान म्हणतात, जातात.

वारंवार डोकं दुखतं का?
"पाय दुखतो, सिस्टर. डोकं कुणाला आठवतंय."
नाही.
भूक मंदावली आहे का?
"इथलं जेवण खाऊन बघा एकदा."
शेजारच्या खाटेवरचा तोफिक खिदळला.
मी नाहीवर खूण केली,
खरं तर झाडूवाली एतागेन्यू कालच म्हणाली होती,
अकराचं ताट भरलेलं जातं, भरलेलं येतं,
इंजेराच्या कडा वाळून वर वळलेल्या.
झोप?
"ट्रकवाल्याला झोप विचारता होय?"

दहावा: नेहमीपेक्षा जास्त रडू येतं का?
इथे आख्खा वॉर्ड गप्प होतो. पुरुषांचा वॉर्ड.
सगळे छताकडे बघतात. मीही बघते.
छताला ओल आलीय, बाकी काही नाही.

सतरावा मी हळू वाचते,
तोंडात गरम बटाटा फिरवावा तसा.
आयुष्य संपवावं असा विचार मनात येतो का?
"लिहा, नाही," तो म्हणाला, लगेच,
नाक्यावर कागद पुढे करावेत तसं.
मी लिहिलं.
बेरीज तीन. आठाच्या आत सगळे ठणठणीत.

रात्री दोनला वीज गेली.
जनरेटर फक्त ऑपरेशनच्या खोलीपुरता.
मेणबत्ती घेऊन सात नंबरचं सलाईन बघायला निघाले,
तर अंधारातून, दगडाच्या बाजूने:
"सिस्टर. तो सतरावा.
परत विचारा ना."

सलाईन अजून तासभर पुरलं असतं.
स्टूल ओढलं. कागद आणला नाही.
विचारलं.

मग तो बराच वेळ टायरांविषयी बोलला.
मागचा डावा झिजून सपाट झालेला,
मालकाला दोनदा सांगितलं होतं,
तिसऱ्यांदा सांगितलं नाही.
क्लीनर पोरगा होता, हब्तामू. सोळाचा, की पंधराचा,
वय विचारायचं राहूनच गेलं.
झोपला होता, चपला काढून,
त्या चपला नंतर कुणीतरी माझ्याच पिशवीत भरून दिल्या,
त्या बघा, खाटेखाली.
त्याची आई निरोप पाठवते,
चालता झालास की घरी ये, म्हणते, कॉफी प्यायला.
"पाय जुळत आलाय, सिस्टर," तो म्हणाला.
"त्याचीच तर भीती वाटते."

मेणबत्ती संपली तेव्हा आम्ही दोघंही गप्प होतो.
सात नंबर दोनदा हाका मारून गेला, मला ऐकू आल्या,
उठले नाही, हे इथे कबूल करते.

सकाळी डॉक्टर मेलाकू म्हणाले, कागदावर तर तीनच दिसतायत.
म्हटलं, कागद दिवसाचा आहे.
ते चष्मा पुसत राहिले.
मनाच्या डॉक्टरीण बाई गुरुवारी येतात,
कोंबोल्चाहून, रस्ता सुरू असला तर.
आज सोमवार.
शेऱ्याच्या जागेत एकच नाव मावलं.

खाट अकरा आम्ही माझ्या टेबलाशेजारी न्यायची ठरवली.
चौघांनी ढकलली. एक चाक फिरत नव्हतं.
तोफिक कुरकुरला, आता पत्ते कुणाशी खेळू.
दगड हलू नये म्हणून एतागेन्यूने
झाडू काखेत मारून तो दोन्ही हातांनी धरला,
आणि त्याच्याकडे तोंड करून, श्वास रोखून,
वॉर्डभर उलटी चालत आली.