तक्रारवही

आमच्या गिरिछाया सोसायटीच्या तक्रारवहीत
सत्तेचाळीस पानं नुसती माकडांची.
डी विंगच्या मागे येऊरचा डोंगर सुरू होतो,
तिथून ती येतात, पाइपावरून,
मेंटेनन्स भरल्यासारखी.

एकशे तीन: केळी अर्धा डझन, आणि फणी.
सातशे एक: गॅलरीतली तुळस उपटली.
चारशे दोनच्या सबनीसबाईंनी लिहिलंय,
'आमच्या सासऱ्यांच्या खुर्चीत बसून
सासऱ्यांकडेच बघत होतं. योग्य ती कारवाई व्हावी.'
मी खाली शेरा मारते, नोंद घेतली.
पंधरा वर्षं घेतेय.

माकडाचं एक बरं असतं,
कुणाला विचारावं लागत नाही हे काय म्हणून.
चोरी करतं ती भर दुपारी, तोंड दाखवून.
शिव्या खातं, फटाके खातं,
शनिवारी शेंगदाणेही खातं.

त्या पक्ष्याचं तसं नाही.
पावसाळ्यात रविवारी माणसं येतात,
हातभर लांब लेन्स, चिखलाचे बूट.
गेटवर विचारतात, शीळकरी कस्तुर दिसतो का हो इकडे?
निळा असतो म्हणे, काळ्यात मुरलेला निळा,
ऊन पडलं तरच खांदा चमकतो.
मी म्हणते, इथे माकडं दिसतात.
ती हसतात
आणि माकडाच्या अंगावरून पलीकडे बघत राहतात.

परवा जुन्या वह्या रद्दीला काढल्या
तर तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातलं पान:
'वॉचमन पहाटे पाचला शीळ घालतो. झोपमोड होते.
चाल धड नाही, मधेच सोडून देतो.'
दुसऱ्या दिवशी, बी विंगमधून: 'पुन्हा.'
तिसऱ्या दिवशी: 'आज जास्त वेळ.'
आणि खाली माझंच अक्षर,
लडकू वरठा यांना समज दिली. पन्नास रुपये कापले.

टेबलासमोर उभा होता तो, टोपी हातात.
'बाई, मला शीळ येत नाही,' म्हणाला,
'पुढचे दोन दात नाहीत.'
तोंड उघडून दाखवलंसुद्धा.
मी पावती फाडत होते.

लडकू आता घोडबंदरला कुठल्याशा टॉवरवर असतो.
त्याच्या मागे डोंगर आहे की नाही, माहीत नाही.

आज पंप अर्धा तास उशिरा लावला.
छत्री घेऊन डी विंगच्या मागे उभी राहिले.
पाच वाजून गेले. काही नाही.
मग आली.
शाळेला उशीर झालेल्या पोरानं
रमतगमत जावं तशी,
धड नसलेली, मधेच सोडलेली.
उंबरावर एक माकड भिजत बसलं होतं.
त्यानं मान वळवली, मीही.
दिसलं दोघांनाही काही नाही.

आठपर्यंत सहा तक्रारी, पाणी नाही म्हणून.
सातवी माकडाची.
त्या पन्नास रुपयांची नोंद
कुठल्या पानावर करायची,
ते अजून ठरत नाहीये.