माग

सोमवारी विट्याचे आमचे माग बंद.
दस्तगीर म्हणाला, चल सागरेश्वरला,
बावीस वर्षं एवढ्या जवळ राहून
आपण एक हरीण बघितलं न्हाय.
माझ्या डब्यात भाकरी, ठेचा,
त्याच्याकडं कालचा पुलाव,
आणि कानात नेहमीचं
खटाक् खट्, खटाक् खट्,
सुट्टीदिवशीही न सुटणारं.

देवराष्ट्र्यात उतरून चालत निघालो.
फाटकावर तिकीट, बाटल्यांची मोजून नोंद,
आणि वनरक्षक पोरगं, नाव वैजनाथ,
म्हणालं, "काका, हळू बोला."
आम्ही हळूच बोलत होतो.
निदान आम्हाला तसं वाटत होतं.
ते हसलं नाही. "चितळं डोंगरापलीकडं जातील."

कोरड्या ओढ्यापर्यंत सोबत आलं,
वाकून म्हणालं, "हा बघा, सांबराचा माग."
मी दस्तगीरकडं बघितलं, दस्तगीरनं माझ्याकडं.
आमच्या तोंडी हा शब्द लोखंडाचा,
तेल पिणारा, पट्टा ओढणारा,
धोटा उडाला तर डोळा फोडणारा.
इथं तो बोटभर खोल
आणि त्यात एक मुंगी उतरत होती.
एवढं दाखवून पोरगं परत फाटकाकडं गेलं.

मग आम्ही हातांवर आलो.
शेडमध्ये तरी कोण तोंडानं बोलतं?
दोन बोटं पिळली की धागा तुटला,
मूठ उघडली की लाइट गेली,
अंगठा ओठाला, चहा.
कपाळावर दोन बोटं, मालक आला.

बोरीच्या जाळीपाशी दस्तगीरनं
दोन बोटं कपाळावर ठेवली
आणि मी दचकून मागं बघितलं.

शिंगांचा चितळ.
उन्हात अर्धा, सावलीत अर्धा.
पाठीवरचे ठिपके बघत राहिलो,
एकही दुसऱ्याशी मापात नाही.
असा तागा उतरला असता
तर मुकादमानं डागी म्हणून बाजूला फेकला असता.

पाणवठ्यावर लपून बसलो, दोन तास असतील.
शांतता ऐकू येते म्हणतात.
मला आली नाही.
मला माझे माग ऐकू येत होते, दहा नंबर, अकरा नंबर.
उन्हं कलताना कधीतरी अकरा नंबर थांबला.
दहा चालूच.
त्याच्या खालून कुठला तरी पक्षी
एकच सूर लावून, विसरून, परत लावत होता.
दस्तगीरला विचारलं, तुला येतोय का ऐकू?
तो माझ्या ओठांकडं बघत होता,
पण उत्तर भलतंच दिलं:
मालक माग विकणार. पाडव्यानंतर.
कुणाला?
भंगाराला आमच्याकडं खूण नव्हती.
त्यानं हवेत तागडी धरली,
एक पारडं खाली जाऊ दिलं.
किती?
दोन्ही पंजे दोनदा, मग चार बोटं.
म्हणजे सगळे.

चितळ पाणी पीत होता.
पाच मादी, एक पाडस, तेही पीत होतं.
एवढी बातमी सांगून झाली
आणि त्यातल्या एकाचाही कान हलला नाही.

वर टेकाडावर डबे सोडले.
खाली ऊस, ऊस, मध्ये कृष्णेची वळणं,
साखर कारखान्याचा धूर सरळ उभा.
पुलाव चांगला झाला होता, मी अंगठा दाखवला.
भाकरीचा तुकडा मोडताना शालन आठवली,
घरी बसून कांड्या भरत असेल,
मंगळवारच्या.
तिला आमची हातांची भाषा येत नाही.
तिला तोंडानंच सांगावं लागेल,
आणि हळू म्हणजे नेमकं किती हळू
ते मला अजून कळलेलं नाही.

फाटकावर वैजनाथनं बाटल्या मोजून घेतल्या.
"दिसलं का काय, काका?"
आम्ही दोघंही गप्प.
दस्तगीरनं सवयीनं
कपाळावर दोन बोटं ठेवली.
"नर व्हता व्हय," पोरगं म्हणालं,
आणि वहीत लिहून घेतलं.