दार जरा उचलून

एक अक्षर. एवढंच करायचं होतं.
भरती-ओहोटीच्या वेळा सांगणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये
आमच्या खाडीचं नाव चुकलंय,
‘पुल्केमाओ’तला ‘ओ’ कुणीतरी खाल्लाय,
आणि माझा भाऊ एलिसेर शिंपल्यांच्या होडीत चढताना
रोज म्हणतो, नाव धड नाही
तर वेळ कशी धड असेल?

सोर्स कोड उघडा आहे, कुणीही या.
आले.
आधी हे उतरवून घ्या, म्हणाले, मग ते,
मग त्याची जुनी आवृत्ती, नवी नको, नवी चालत नाही,
मग कंपायलर, मग कंपायलरला लागणारं काहीतरी
ज्याचं नाव मला खोकल्याच्या औषधासारखं वाटलं.
नमनालाच घडाभर तेल.
सूचनांच्या फाइलीत एक वाक्य:
‘याला दहा मिनिटं लागतात.’
लिहिणारा कुणी ओंद्रेय, ब्र्नो, अकरा वर्षांपूर्वी.
ओंद्रेय, तुझ्याकडे केबल असणार.
माझ्याकडे खिडकीच्या काचेला टेकवलेला फोन,
आणि वारा दक्षिणेचा असेल तर रेंजची एक काडी.

साडेअकरा. सत्तेचाळीस टक्के.
चुलीत लाकूड सरकवलं.
सव्वाबारा. सत्तेचाळीस टक्के.
आई झोपेतच विचारते, शिजलं का गं?
नाही, अजून कच्चंच.

मग लाल अक्षरं, पडदाभर.
शेवटची ओळ तेवढी समजली:
सापडत नाही.
अगं, तासापूर्वी मीच तर ठेवलं स्वतःच्या हातांनी!
पण ठेवलं होतं माझ्या जागी,
आणि शोधणं चाललं होतं ओंद्रेयच्या जागी.

तेव्हा दाराकडे लक्ष गेलं.
हे घर आधी पलीकडच्या चढावर होतं.
मी सहा वर्षांची असताना अख्खं घर ओंडक्यांवर चढवून
बैलांच्या आठ जोड्यांनी इथे ओढत आणलं,
चाळीसेक माणसं, दोरखंड, आरडाओरडा,
पैसे कुणालाच नाहीत, नंतर पोटभर जेवण.
एक कपसुद्धा फुटला नाही, आई अजून सांगते.
पण स्वयंपाकघराचं दार त्या दिवसापासून बसेना.
तेच दार, तीच चौकट,
जमीन दुसरी.
आजोबा दोन संध्याकाळ रंधा मारत राहिले,
शेवटी बिजागरीखाली पत्र्याचा तुकडा घातला.
तेव्हापासून जरा उचलून लावलं की बसतं.

पत्र्याचा तुकडा म्हणजे एक ओळ:
तिथे नाही, इथे बघ.
पहाटे चारला ती लिहिली.
अक्षरं धावली, थांबली, पुन्हा धावली,
आणि मग काहीच झालं नाही.
म्हणजे झालं. इतक्या मुकाट्याने होतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.
लुकलुकता कर्सर, आणि माझ्या मशीनवर उभं राहिलेलं पान:
पुल्केमा, भरती सहा वाजून बारा मिनिटं.

‘ओ’ घालायला चार सेकंद लागले.

पण तो नंतर पाठवला.
आधी सूचनांची फाइल.
‘दहा मिनिटं’ खोडलं नाही, ओंद्रेयची ती खरीच असतील.
खाली लिहिलं:
नेट बारीक असेल तर एक रात्र धरा.
सत्तेचाळीस टक्क्यांवर ते मेलेलं नसतं.
‘सापडत नाही’ म्हणालं, तर ही ओळ घाला.
नाव विचारलं. नोल्फा बारीआ, लिहिलं,
गावाचं नाव पूर्ण.

एलिसेर बूट चढवत होता.
नाव वाचलं त्याने, ‘ओ’ मुद्दाम लांबवून,
मग वेळ वाचली,
मग तरीही सवयीने बाहेर जाऊन
पाणी बघून आला.
येताना दार
जरा उचलून लावलं.